काठी कुठे संपते?

‘ताई, नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावातला. वय १९, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं मोबाईलवर बघून पॉपिंग शिकतोय, म्हणजे स्नायू झटक्यात आवळून-सोडून करायचा नाच. हिट (ते झटके) बऱ्यापैकी येतात, वेव्ह (अंगातून लाट गेल्यासारखी हालचाल) पण येते. आता मला स्केअरक्रो, म्हणजे बुजगावण्याची, स्टाइल करायची आहे. नवरात्रात आमच्या वाडीच्या मंडळाची रेकॉर्ड डान्स स्पर्धा आहे, त्यात तेच करणार. पण व्हिडिओत बघून अगदी तसंच करतो तरी माझं काहीतरी भलतंच दिसतं. मित्र म्हणाला, दोरीवर वाळत घातलेला शर्ट वाटतोस. एका क्लासला महिनाभर गेलो होतो, तिथले सर म्हणाले हे खरं पॉपिंगच नाही, नाटकं आहेत. पेंढा, टोपी वगैरे लावून ड्रेस करू का? बाबांना हे काहीच आवडत नाही. म्हणतात, शेतात एक बुजगावणं असताना घरात दुसरं कशाला. (खालच्या कुणग्यातलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, बुजगावणं दरवर्षी मी आणि आजीच लावतो, त्यावरून बोलतात.) डिप्लोमा झाल्यावर मुंबईला जाऊन शिकू का? की सोडून देऊ?’

बाबू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, नेहमीचंच आहे. व्हिडिओ बघितला, जमलं नाही, सोडू का. दुसऱ्यांदा त्या कंसातल्या ओळीवर नजर गेली आणि मला हसू आवरेना. दरवर्षी आजीसोबत शेतात बुजगावणं उभं करणारा मुलगा बुजगावण्यासारखं उभं कसं राहायचं ते शिकायला परदेशातल्या कुणाचा तरी व्हिडिओ मागे-पुढे करत बसलाय! तुला हसायचा मला अधिकार नाही म्हणा. मी याहून मोठा गाढवपणा केलाय, तो पुढे सांगतेच.

तर आधी मला सांग, तुमच्या बुजगावण्याची आडवी काठी बाहीत कुठपर्यंत जाते? कोपरापर्यंत? मनगटापर्यंत? की बाहीच्या बाहेर येते आणि तिच्यावर फाटका हातमोजा खोचलेला असतो? पटकन सांगता येत नसेल तर उद्या सकाळी कुणग्यात जाऊन बघून ये. यंदाचं अजून लावलं नसेल तर उत्तमच. भात पोटरीला आलंय, आजीने जुना शर्ट शोधायला घेतलाच असेल. या वेळी काठी तू बांध, आणि बांधताना ती कुठे संपते ते नीट बघ. तुझ्या नाचातली निम्मी अडचण तिथेच आहे.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांचे खाकी शर्ट एकेक करून शेतात गेले. एका वर्षी आडवी काठी आखूड निघाली, कोपराच्या जरा अलीकडेच संपली. मामी म्हणाली, ‘रवांदे, पाखरांक काय कळतला?’ आणि तसंच उभं केलं. ते बुजगावणं मी अजून विसरलेले नाही. खांद्यापासून कोपरापर्यंत बाही ताठ, कवायतीला उभी असल्यासारखी. तिथून पुढे मात्र नुसती लोंबत होती, कफाचं बटण तुटलेलं. सकाळी मतलई वारा डोंगराकडून दर्याकडे सुटला की त्या लोंबत्या बाह्या पश्चिमेला कलायच्या. दुपारी खारं वारं आलं की त्याच बाह्या उलट्या. झुळूक थांबली तरी बाही लगेच थांबायची नाही. एकदा पुढे, एकदा मागे, मग निम्मीच पुढे, मग कुठे गप्प. तेवढ्या वेळात काठीवरचा भाग केसभरही हलायचा नाही. एखादा जोराचा झोत आला तर मात्र अख्खा सांगाडा खांबासकट एकदाच गदकन हलायचा आणि पुन्हा जागेवर. मडक्यावर चुन्याने काढलेले डोळे सगळा वेळ समोर. त्याच मडक्यावर बसून पोपट आरामात लोंबी सोलायचे, तो भाग वेगळा.

स्केअरक्रो स्टाइल ती एवढीच. काही भाग काठीवर, बाकीचा वाऱ्यावर. पसरलेले ताठ हात आणि करकरीत पोझ एका बाजूला, ढिले पंजे आणि ढिले पाय दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच वेळी एकाच अंगात दिसले पाहिजेत. नुसतं ताठ राहिलास तर तो रोबो. नुसता ढिला पडलास तर शिमग्याला दोन घोट जास्त झालेला पाहुणा.

आता तुझ्या मित्राचं घे. तो खवचट बोलला, पण बोलला ते नेमकं. दोरीवरच्या शर्टात आणि बुजगावण्यावरच्या शर्टात फरक काय? एकाच्या आत काठी नाही. म्हणजे तुझं ढिलं ठीक आहे, ताठ नाही. मी पैज लावून सांगते, तू हात पसरतोस तेव्हा पहिल्या आठ-दहा मोजण्यांनंतर तुझे दंड हळूहळू खाली यायला लागतात आणि ते लपवायला तू खांदे कानापर्यंत उचलतोस. सगळ्यांचं हेच होतं. दंड खांद्याच्या रेषेत आडवा धरून ठेवणं दिसतं सोपं. दोन मिनिटं धरून बघ, खांद्यावर कुणी निखारा ठेवलाय असं वाटेल. ही ताकद कमवावी लागते आणि तिला जवळची वाट नाही. रोज थोडं, भिंतीला पाठ लावून. मान लांब, खांदे खाली, दंड आडवे, आणि कोपरापासून पुढचा हात मेल्यासारखा लोंबता. दुखायला लागलं की थांब, कळ आली की मात्र त्या दिवशी बंदच कर.

ताकदीबरोबर अंगाला काठीची सवय लागायला हवी. चिव्याची (बारीक बांबूची) एक सरळ काठी घे, तुझ्या दोन कोपरांमधल्या अंतराएवढी. जुना ढगळ शर्ट घाल आणि काठी एका बाहीतून मानेच्या मागून दुसऱ्या बाहीत सरकव. बांधू नकोस, आणि ती असताना खळ्यात चालायचं-फिरायचं नाही. तोल गेला तर टेकायला हात मोकळे नसतात, थेट तोंडावर येशील. नुसता उभा राहा. संध्याकाळी आतला दिवा लावला की खिडकीच्या काचेत अंग दिसतं तेवढं पुरे, आरसा नको. पाच मिनिटं उभा राहिलास की काठी कुठे संपते ते डोळे मिटूनही कळायला लागेल. मग काठी काढ आणि ती अजून आहे असं समजून उभा राहा. ती नाहीशी झाली असं वाटलं की परत घाल. मी शिकवते त्या मुलांपैकी एकीला या काठीचा इतका कंटाळा आला की तिने तिला नाव ठेवलं. पण तिचा दंड आता हलत नाही.

इथपर्यंत आलास की तुझ्यासारखा दोन वर्षं हिट घोटलेला मुलगा एका ठरलेल्या जागी अडकतो. हिट कुठे मारायचा? आपण शिकताना पहिल्यांदा पुढच्या हाताचा हिट शिकतो. कोपराच्या खालचा स्नायू झटक्यात आवळायचा आणि सोडायचा. सवय अशी लागते की बीट आला की तो हात आपोआप आवळला जातो. स्केअरक्रोत नेमका तोच हात वाऱ्यावर असतो! तिथे हिट मारलास की लोंबणं मेलं. मग प्रेक्षकाला दिसतं काय, तर हात वर केलेला आणि थरथरणारा एक मुलगा.

हिट मार काठीवरच्या भागात. छाती, दंडाची मागची बाजू, मान, आणि पायाचा हिट, म्हणजे गुडघा झटक्यात मागे ताठ करणं. मामाच्या शेतात झोत आल्यावर सांगाडा गदकन हलायचा ना, तुझा हिट म्हणजे तो झोत. कोपराखालचा हात त्यात काहीच करत नाही. त्याला धक्का बसतो आणि तो आपापला झुलतो, एकदा पुढे, एकदा मागे, मग निम्मा. तो थांबेपर्यंत वाट बघ. हे झुलणं तू करायचं नाहीस, होऊ द्यायचं. पहिल्या आठवड्यात हा फरक तुला कळणारही नाही. कळेल त्या दिवशी तुझं तुलाच दचकायला होईल, कारण हात दुसऱ्याचा वाटतो.

पायांचं थोडक्यात. बुजगावण्याला एकच खांब, तुला दोन पाय. त्यामुळे कुठल्याही क्षणी एकच पाय खांब आहे असं ठरव आणि सगळं वजन खरोखर त्याच्यावर दे. दुसरा पाय मग आपोआप पेंढ्याचा होतो, गुडघा आत, चवडा आत. दोन्ही पायांवर निम्मं निम्मं वजन ठेवून जो गुडघे आत-बाहेर करतो तो पडल्याचं सोंग करतोय हे लहान पोरालाही कळतं. खांबाचा पाय बदलायचा तो बीटवर. आणि घोटा बाहेरून मुडपायची हौस नको. पावसात खळं बुळबुळीत झालेलं असतं, त्यात शेवाळ. एकदा घोटा मुरगळला की नवरात्र झोपून काढशील.

डोळे स्थिर ठेव. चुन्याचे डोळे इकडे-तिकडे फिरत नाहीत, फिरतं ते मडकं. बघायचं असेल तर अख्खं डोकं वळव, तेही आधी वळू दे, मग बाकीच्या अंगाला कळू दे की डोकं वळलंय.

तुझ्या सरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे आणि निम्मं साफ चूक. बरोबर अशासाठी की हिट नसेल तर उरतो तो मूकाभिनय. तोही चांगलाच, पण त्याला पॉपिंग म्हणू नये. चूक अशासाठी की ही सोंगं पॉपिंगच्या घरातलीच आहेत. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी १९७७ साली बूगलू सॅम नावाच्या तरुणाने जो गट उभा केला तो पुढे इलेक्ट्रिक बूगलूज म्हणून ओळखला गेला. त्याचा भाऊ पॉपिन पीट त्याच गटातला. स्नायू आवळताना सॅम तोंडाने ‘पॉप’ म्हणायचा, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. स्केअरक्रोचं श्रेयही सॅमलाच दिलं जातं, आणि त्याला ते सुचलं १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातल्या बुजगावण्यावरून. रे बोल्गर या नटाने ते काम केलंय. खांबावरून उतरल्यावर पाय धड धरत नाहीत, उभं राहायला जातो आणि कोसळतो. त्याच गटातल्या एकाने खेळण्यातल्या सैनिकांवरून टॉयमन केला, कारण त्या बाहुल्यांचे सांधे ठरावीकच वळतात, हात सरळ नाहीतर काटकोनात. म्हणजे ज्यांनी पॉपिंगला नाव दिलं त्यांनीच ही नाटकं केली. सरांना हे वाद घालून सांगू नकोस. पण ज्यांची चीज आपण करतो त्यांची नावं आपल्याला ठाऊक असावीत, एवढं तरी आपण करू शकतो. भजनी बुवा अभंगातलं संताचं नाव गाळत नाहीत ना, तसंच.

एक लक्षात घे. सॅमने बुजगावणं पडद्यावर बघितलं. तुझ्याकडे ते कुणग्यात आहे, दोन्ही वाऱ्यांत. मोबाईल घेऊन जा, सकाळी पाच मिनिटं आणि दुपारी पाच मिनिटं नुसतं त्याचं शूटिंग कर. हा व्हिडिओ जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

आता माझा गाढवपणा. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईत एका क्लासला वर्षभर आरशासमोर उभं राहून मी पपेट शिकून आले होते. तिथे सर करतील तसं आपण करायचं, का ते विचारायचं नाही. गावाकडे आले आणि कणकवलीजवळच्या एका मंडळाच्या स्पर्धेत तेच केलं. बाहुलीसारखे हात उचलायचे, टाकायचे, मान लटकवायची. टाळ्या भरपूर. बक्षीसही मिळालं, स्टीलचा जग. खाली उतरले तर पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ खुर्चीतूनच म्हणाले, ‘बावली बरी नाचली गो. पण दोरी खय होती?’

मी हसून पुढे गेले. मागाहून कुणीतरी सांगितलं, ते पिंगुळीचे, ठाकर समाजातले, आयुष्यभर कळसूत्री बाहुल्या नाचवलेले. मग मात्र रात्रभर झोप लागली नाही.

पिंगुळी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, कुडाळला लागून. चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथल्या ठाकरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि मी बाहुली शिकायला कुठे गेले होते, तर रेल्वेने दहा तास लांब! दुसऱ्या आठवड्यात पिंगुळीला गेले आणि बाहुल्यांकडे न बघता फक्त दोऱ्यांकडे बघत बसले. दोरी बांधलेली असते तो बिंदू आधी हलतो. बाकीचा हात त्याच्या मागून, नाइलाजाने येतो. मी काय करत होते, तर हात खांद्यापासून उचलत होते, स्वतःच्या ताकदीने. बाहुलीला खांद्यात ताकद कुठली? दोरी मनगटाला असेल तर आधी मनगट जातं, मग कोपर, खांदा सगळ्यात शेवटी. आणि दोरी सैल सोडली की हात खाली ठेवला जात नाही, पडतो. पडल्यावर झुलतो. तुझ्या बुजगावण्याच्या बाहीसारखाच.

घरी येऊन मी माझ्या मनगटाला सुतळी बांधली, ती माजघराच्या वाशावरून टाकली आणि मावसबहिणीला सांगितलं, मी बघत नाही, तुला वाटेल तेव्हा ओढ. तिने दुपारभर मनमुराद ओढून घेतलं. पहिला तासभर माझा हात आधीच वर जायचा, दोरीच्या आधी. हावरट हात! संध्याकाळी कधीतरी तो वाट बघायला शिकला.

हे एवढं का सांगितलं, तर सोंग कुठलंही घे, विचारायचा प्रश्न एकच. मला धरलंय कशाने आणि ते धरणं कुठे संपतं? बुजगावण्याला काठीने, बाहुलीला दोरीने, टॉयमनला सांध्यातल्या खिळ्याने. पॉपिंगमधल्या ॲनिमेशन स्टाइलची गंमत आणखी वेगळी. ती आली स्टॉप मोशनच्या चित्रपटांवरून, रे हॅरिहाउसेनने पुतळे तसूतसूभर हलवून, एकेक फ्रेम टिपून जे राक्षस आणि सांगाडे चालवले त्यांच्यावरून. तिथे अंगाला धरणारी वस्तूच नाही, धरलंय ते काळाने. म्हणून ती सगळ्यात अवघड, आणि म्हणून तू तिच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस. तीच गोष्ट स्लो मोशनची. ‘डान्स इंडिया डान्स’च्या तिसऱ्या पर्वात राघव जुयालने ती घराघरांत नेली आणि तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक स्पर्धेत चार मुलं चंद्रावर चालतात. चालू देत. तुझी काठी अजून पक्की नाही.

आणि हो, दशावतार बघत असशीलच. या खेपेला जत्रांचा हंगाम सुरू झाला की राजपार्टी (राजाचं काम करणारा नट) रंगमंचावर येते तो क्षण नीट बघ. तोंडातून शब्द निघायच्या आधी राजा आहे हे कळतं, ते मुकुटामुळे नाही. तोच नट तासापूर्वी पडद्यामागे लुंगीवर बिडी ओढत बसलेला असतो. चालायला लागल्यावर वजन कुठे आलं, पाऊल किती वेळ जमिनीवर राहिलं, ते बघ.

यावरून तुझा ड्रेसचा प्रश्न. नको. पेंढा लावून आलास की परीक्षकाला पहिल्या सेकंदाला कळतं तू कोण आहेस, मग पुढची दोन मिनिटं तू करणार काय? शिवाय पेंढा अंगाला खाजतो, आणि गळून पडलेल्या पेंढ्यावरून तुझ्या मागचा ग्रुप घसरतो. हे मी बघितलंय, भांडण मिटवायला पोलीसपाटलांना यावं लागलं. शर्ट मात्र दोन मापं मोठा घाल, कफाची बटणं उघडी. हात झुलून थांबला तरी बाही क्षणभर झुलत राहते. ती तुला फुकट मिळालेली मदत.

गाणं एकच घे. रेकॉर्ड डान्समध्ये पाच गाण्यांचे तुकडे जोडायची जी पद्धत पडलीय ती या स्टाइलला मारक आहे, प्रत्येक तुकड्याला नव्याने उभं राहावं लागतं. ठेका स्वच्छ, मध्यम लयीचा, मधे मोकळी जागा असलेला हवा. त्या मोकळ्या जागेत तुझी बाही झुलणार. पहिली पंधरा-वीस सेकंदं नुसता उभा राहायची हिंमत असेल तर राहा. लोक चुळबुळतील, कुणीतरी शिट्टी मारेल, ‘लाईट गेली काय रे’ म्हणेल. मग एक झोत, छातीत. बघ काय होतं ते. नवरात्राला महिनाही नाही, त्यामुळे नंबर येईल असं मी म्हणत नाही. तेवढ्यात कोपरापर्यंतची काठी आणि एका पायाचा खांब, एवढं झालं तरी मी तुला शाबासकी देईन. वेव्ह त्यात घुसडू नकोस. येते म्हणून करायची नसते. काठीतून वेव्ह जात नाही.

मुंबईचं. डिप्लोमा पुरा कर, त्यात काही चर्चा नको. मधल्या काळात वर्षातून एक-दोनदा रात्रीची तुतारी एक्स्प्रेस धर, सकाळी दादरला उतर, पॉपिंग करणारी चार मुलं जिथे जमतात तिथे उभा राहा, नाच, मार खा, परत ये. मार म्हणजे नाचातला. मोबाईल तुला दाखवतो, पण तुझं चुकलं तर गप्प बसतो. समोरचा माणूस गप्प बसत नाही, त्यासाठी जायचं. तिथे राहायला जावं की नाही ते दोन वर्षांनी मला पुन्हा विचार. सोडून द्यायचं तर कधीही देता येतं, त्याला माझी परवानगी लागत नाही.

बाबांबद्दल मी काय सांगू? त्यांचा विनोद चांगला आहे, हे आधी कबूल करून टाक. त्यांना व्हिडिओ दाखवू नकोस, नाच समजावूही नकोस. चिव्याची काठी तोडून, तासून द्यायला सांग, दोन कोपरांच्या मापाची. कशाला हवी विचारतील. खरं काय ते सांग. शेतकरी माणूस आहे, काठी आखूड झाली तर बाही कशी लोंबते हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. चिडले तर काठी तूच तोड, कोयता जपून.

व्हिडिओ पाठवशील तेव्हा मोबाईल कमरेच्या उंचीवर ठेव, पाय फ्रेममध्ये येऊ देत, आणि गाणं लावू नकोस. नुसता पावसाचा आवाज चालेल. तुझ्या व्हिडिओबरोबर कुणग्यातलाही पाठव, सकाळचा आणि दुपारचा दोन्ही. आणि यंदा कुणाचा शर्ट घातलात तेही लिही.

– तुझी ताई